सरकारला विकायचं, तर माल किती देशी हवा?

१. भाग बाहेरचे, जोडणी इथली

भोसरीच्या किंवा नाशिकजवळच्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत रस्त्यावरचे एलईडी दिवे तयार करणारा लघुउद्योजक सरकारी निविदा भरायला बसला, की एका रकान्यापाशी अडतो. रकाना असतो स्थानिक घटकाच्या टक्केवारीचा. दिव्यातली चिप चीनहून आलेली, ड्रायव्हरमधले, म्हणजे दिव्याला लागणारी वीज नियंत्रित करणाऱ्या सर्किटमधले, काही भाग तैवानचे. पण अॅल्युमिनियमचं ओतीव कवच शेजारच्या गाळ्यातलं, आणि वायरिंग, जोडणी, चाचणी सगळी आपल्याच कामगारांनी केलेली. मग हा दिवा देशी म्हणायचा की परदेशी? निम्मा देशी असं लिहिलं, तर ते निम्मं कशाचं? वजनाचं, सुट्या भागांच्या संख्येचं, की पैशाचं? दुसरीकडे, ज्याच्या कराच्या पैशातून तो दिवा येणार त्या सामान्य माणसाचाही एक साधा प्रश्न असतो: बाहेरचा दिवा स्वस्त आणि चांगला मिळत असेल, तर सरकारने तो का घेऊ नये? हे दोन्ही प्रश्न एकाच नियमाच्या पोटातले आहेत. पहिला नीट सोडवला की दुसऱ्याचं उत्तर देणं सोपं जातं.

नियम फार जुना नाही. १५ जून २०१७ रोजी केंद्र सरकारने सार्वजनिक खरेदीत 'मेक इन इंडिया'ला प्राधान्य देणारा आदेश काढला. हा संसदेने केलेला कायदा नव्हे. सरकारी पैसा कसा खर्च करायचा हे सांगणारे जे सर्वसाधारण वित्तीय नियम आहेत, त्यांतल्या १५३व्या नियमाच्या आधारावर निघालेला हा प्रशासकीय आदेश आहे. म्हणूनच तो बदलणंही सोपं आहे. २०१८, २०१९, २०२० आणि २०२४ मध्ये तो सुधारला गेला, आणि त्यातली २०२०ची सुधारणा सर्वांत मोठी. केंद्राची मंत्रालयं, त्यांची संलग्न कार्यालयं, केंद्राच्या ताब्यातल्या स्वायत्त संस्था आणि सरकारी कंपन्या या सगळ्यांना तो लागू आहे. राज्य सरकारांची खरेदीची कार्यपद्धती स्वतंत्र असते. महाराष्ट्राने आपली नियमपुस्तिका २०१६ मध्ये काढली. पण एखाद्या योजनेत केंद्राचा पैसा पूर्ण किंवा अंशतः असेल, तर त्या पैशामागून ही अटही येते. नगरपालिकेने केंद्राच्या योजनेतून दिवे घ्यायचे ठरवले, तर आपल्या लघुउद्योजकाला तो रकाना भरावाच लागतो.

या सगळ्याचं एवढं महत्त्व का, हे गिऱ्हाईक पाहिलं की कळतं. देशाच्या सकल उत्पन्नाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी खरेदी केंद्र, राज्यं, स्थानिक संस्था आणि सरकारी कंपन्या मिळून करतात असा अंदाज नेहमी दिला जातो. रेल्वेची चाकं, पाणीपुरवठ्याचे पंप, मेट्रोचे डबे अशा मालाला दुसरं मोठं गिऱ्हाईक बहुतेक वेळा नसतंच. एवढा मोठा खरेदीदार जी अट घालेल तिच्याभोवती कारखाने आपली रचना बदलतात. म्हणून ती अट नेमकं काय मोजते हे पाहणं भाग आहे.

२. देशी म्हणजे किती देशी?

दिवाळीत घरोघरी 'घरची चकली' पुढे येते. कुणी तांदूळ-डाळी धुऊन, वाळवून, भाजून, गिरणीतून भाजणी दळून आणलेली असते. कुणी भाजणीचं तयार पाकीट आणून फक्त तळलेलं असतं. चकली दोघांचीही घरचीच. फरक विचारला तर प्रत्येक जण आपल्या सोयीची मोजणी सांगेल: एक जण मेहनत मोजेल, दुसरा खर्च. सरकारी आदेशाने हा वाद एका सूत्राने मिटवला आहे. मेहनत, वजन, भागांची संख्या काही मोजायचं नाही. मोजायचा फक्त पैसा. वस्तूची अप्रत्यक्ष कर वगळून जी किंमत असेल, तिच्यातून आयात केलेल्या भागांची किंमत, त्यावरच्या सीमाशुल्कासह, वजा करायची. जे उरेल ते भारतात झालेलं मूल्यवर्धन. ते एकूण किमतीच्या किती टक्के, हा स्थानिक घटक.

आपल्या दिव्याचा हिशोब मांडून पाहू. आकडे उदाहरणापुरते आहेत. जीएसटी सोडून दिव्याची किंमत ४,००० रुपये. चिप ९०० रुपयांच्या, ड्रायव्हरमधले आयात भाग ६५० रुपयांचे, विजेच्या उसळीपासून वाचवणारा भाग १०० रुपयांचा, आणि या सगळ्यावरचं सीमाशुल्क १५० रुपये. आयातीचा वाटा झाला १,८०० रुपये. उरले २,२०० रुपये. यात कवच, काच, वायर, मजुरी, गाळ्याचं भाडं, वीज आणि मालकाचा नफा सगळं आलं. ४,००० पैकी २,२०० म्हणजे ५५ टक्के. रकान्यात ५५ लिहायचं.

या टक्केवारीवरून आदेश पुरवठादारांचे तीन वर्ग पाडतो. स्थानिक घटक ५० टक्के किंवा जास्त असेल तो वर्ग-१चा स्थानिक पुरवठादार. २० टक्के ते ५० टक्क्यांच्या आत असेल तो वर्ग-२चा. २० टक्क्यांहून कमी असेल तो स्थानिक नव्हेच. एखाद्या मालासाठी या मर्यादा वाढवण्याचा अधिकार संबंधित मंत्रालयाला आहे, कमी करण्याचा नाही. आपला दिवेवाला ५५ टक्क्यांवर, म्हणजे वर्ग-१ मध्ये बसला. कंपनीचा मालक भारतीय आहे की परदेशी, याला या वर्गवारीत जागा नाही. जर्मन कंपनीने चाकणच्या कारखान्यात यंत्र बनवलं आणि त्यातला ६० टक्के पैसा इथे लागला असेल, तर ती वर्ग-१. अस्सल मराठी आडनावाच्या व्यापाऱ्याने तेच यंत्र बाहेरून आणून आपल्या नावाची पट्टी लावली, तर तो स्थानिक पुरवठादार नाही. स्वदेशी या शब्दाला आपल्याकडे जी भावनेची किनार आहे ती या सूत्रात मुळीच नाही, आणि ते बरंच आहे.

मालकीचा प्रश्न वेगळ्या नियमात येतो. जुलै २०२० मध्ये वित्तीय नियम १४४ला एक जोड दिली गेली. भारताला जमिनीची सीमा लागून असलेल्या देशातल्या बोलीदाराने आधी सक्षम प्राधिकरणाकडे नोंदणी केल्याशिवाय निविदा भरायची नाही, असं ती सांगते. तो सुरक्षेचा विषय आहे. टक्केवारीशी त्याची गल्लत करू नये.

३. 'तेवढ्याच दरात देता का?'

वर्ग-१ मध्ये बसल्याने मिळतं काय? सरकारी खरेदीत सर्वांत कमी दर देणाऱ्याला बाजारात एल-वन म्हणतात, आणि काम त्यालाच मिळतं हा मूळ नियम. आदेशाने हा नियम मोडलेला नाही, त्याला मुरड घातली आहे. एल-वन स्वतःच वर्ग-१चा असेल तर प्रश्न मिटला. सगळं काम त्याचं. तो वर्ग-१चा नसेल तर गंमत सुरू होते. समजा १,००० दिव्यांची निविदा आहे. वर्ग-२च्या एका पुरवठादाराने ३,४०० रुपयांचा सर्वांत कमी दर दिला. आपला दर ४,०००. आदेशात २० टक्क्यांची पट्टी आहे: वर्ग-१च्या पुरवठादाराचा दर एल-वनच्या दरापेक्षा २० टक्क्यांपर्यंत जास्त असेल, तर त्याला एक संधी मिळते. ३,४००वर २० टक्के धरले की मर्यादा ४,०८० रुपये येते. आपण तिच्या आत आहोत. निम्मे, म्हणजे ५०० दिवे, एल-वनला मिळतात. उरलेल्या ५०० दिव्यांसाठी आपल्याला विचारलं जातं: ३,४०० रुपयांना देता का? हो म्हटलं तर ऑर्डर आपली. नाही म्हटलं, तर पट्टीत बसणाऱ्या पुढच्या वर्ग-१च्या पुरवठादाराला हाच प्रश्न. कुणीच तयार झालं नाही तर उरलेलं कामही एल-वनकडे जातं. खरेदीचे असे तुकडे पाडता येत नसतील, उदाहरणार्थ एकच मोठं यंत्र घ्यायचं असेल, तर दर जुळवणाऱ्या वर्ग-१च्या पुरवठादाराला सगळंच काम मिळतं. वर्ग-२वाल्याला निविदा भरता येते, पण ही सवलत त्याला नाही.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच्या २०१२च्या धोरणातही असाच मार्ग आहे, फक्त तिथे पट्टी १५ टक्क्यांची आणि वाटा २५ टक्क्यांचा. दोन्ही सवलती एकाच निविदेत आल्या की कुणाला आधी विचारायचं याची स्वतंत्र परिपत्रकं आहेत. त्या जंजाळात इथे शिरत नाही.

दर जुळवण्याची ही युक्ती आदेशातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट आहे, असं माझं मत. 'देशी माल महाग असला तरी घ्या' असं ती म्हणत नाही. देशी कारखानदाराला ती दारात उभं करते, पण आत येताना स्पर्धेचा दर मोजायला लावते. वरच्या उदाहरणात सरकारने १,००० दिवे घेतले ते सगळे ३,४०० रुपयांनाच. तिजोरीतून एक रुपयाही जास्त गेला नाही.

पण आदेशाला आणखी दोन दारं आहेत, आणि तिथे हिशोब इतका स्वच्छ राहत नाही. पहिलं, एखाद्या मालात देशी क्षमता आणि देशी स्पर्धा पुरेशी आहे असं संबंधित मंत्रालयाने जाहीर केलं, की त्या मालाच्या निविदेत फक्त वर्ग-१ला प्रवेश. दुसरं, २०२०पासून २०० कोटी रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी जागतिक निविदा काढायची नाही; काढायचीच असेल तर वरून खास मंजुरी घ्यायची. जागतिक नसलेल्या निविदेत २० टक्क्यांच्या खालच्या पुरवठादाराला जागाच नाही. या दोन्ही ठिकाणी स्वस्त बाहेरचा बोलीदार मुळात आतच येत नाही. त्यामुळे जो एल-वन ठरतो तो उरलेल्यांतला एल-वन असतो. जादा खर्च कुठल्याच कागदावर दिसत नाही, कारण ज्याच्याशी तुलना करायची तो दर कुणी दिलेलाच नसतो. खरेदीचा आकडा ५ लाख रुपयांच्या आत असेल तर मात्र आदेश लागूच होत नाही; तेवढ्या किरकोळ मालासाठी हा खटाटोप नको, हा सुज्ञ विचार.

४. टक्केवारीच्या पोटातला नफा

आता आपल्या दिव्याकडे परत येऊ, कारण खरी मेख तिथेच आहे. ५५ टक्के हा आकडा दिव्याबद्दल काय सांगतो? दिव्याच्या किमतीतला किती पैसा देशात राहिला, एवढंच. आणि या पैशात मालकाचा नफाही आहे. म्हणजे बाकी काहीही न बदलता मालकाने नफा वाढवून किंमत ४,५०० केली, तर आयात तेवढीच १,८०० राहते आणि स्थानिक घटक ६० टक्क्यांवर जातो. दिवा महाग झाला आणि अधिक 'देशी'ही झाला. उलट त्याने कंबर कसली, कामातली नासाडी कमी केली, नफा घटवला आणि किंमत ३,५०० वर आणली, तर उरतात १,७०० रुपये, म्हणजे ४८.६ टक्के. काटकसर केल्याची शिक्षा म्हणून तो वर्ग-२ मध्ये घसरला.

रुपया-डॉलरचा खेळ त्याहून विचित्र. रुपया घसरला आणि आयात भाग १,८०० ऐवजी २,१०० रुपयांना पडू लागले, तर ४,००० रुपयांच्या त्याच दिव्यात देशी वाटा १,९०० रुपयांचा, म्हणजे ४७.५ टक्के. गाळ्यातला एकही कामगार बदलला नाही, एकही स्क्रू बदलला नाही, पण वर्ग बदलला. सरकारने देशी चिपला संरक्षण म्हणून सीमाशुल्क वाढवलं तरी हेच होणार, कारण सूत्रात सीमाशुल्क आयातीच्या बाजूला धरलं आहे. एक धोरण ज्याला हात देतं त्याचाच पाय दुसरं धोरण ओढतं.

आणि सर्वांत मोठी विसंगती दर जुळवण्याच्या त्या शहाण्या युक्तीतच दडलेली आहे. आपला दिवेवाला ४,००० रुपयांवर ५५ टक्क्यांनी वर्ग-१ ठरला, म्हणूनच त्याला संधी मिळाली. संधी घ्यायची तर ३,४०० रुपयांना द्यायचं. आयात १,८०० रुपयांचीच. उरले १,६०० रुपये, म्हणजे ४७ टक्के. ज्या सवलतीसाठी त्याला पात्र ठरवलं, ती घेताक्षणी गणिताने तो अपात्र होतो. पन्नाशीच्या जरा वर असलेल्या प्रत्येक पुरवठादाराने 'हो, देतो' म्हणण्याआधी नव्या दरावर टक्केवारी पुन्हा काढून पाहावी, हे म्हणूनच शहाणपणाचं. ज्याचा देशी वाटा ६०-६५ टक्के आहे त्याला ही भीती नाही, आणि आदेशाचा खरा फायदाही त्यालाच आहे.

वजाबाकीच्या सूत्रात चोरवाटाही होत्या. सगळं यंत्र बाहेरून आणायचं. वाहतूक, विमा, बसवणं, चालू करून देणं, प्रशिक्षण, पुढची पाच वर्षांची देखभाल हे सगळं भारतातलं मूल्यवर्धन म्हणून दाखवायचं, आणि वर्ग-२ किंवा वर्ग-१चा शिक्का मिळवायचा. मार्च २०२१ मध्ये सरकारने स्पष्ट केलं, की आयात माल देणाऱ्याला असल्या सेवा स्थानिक घटक म्हणून धरता येणार नाहीत. दुसरी वाट त्याहून सोपी होती: आयात चिप स्वतः आयात न करता मुंबईच्या लोहार चाळीतल्या वितरकाकडून घ्यायची; बिल देशी, म्हणून भागही देशी! जुलै २०२४च्या सुधारणेने वितरकाकडून घेतलेला आयात माल, परदेशात भरलेलं स्वामित्वशुल्क आणि नवं खोकं किंवा नवं नाव दिलेला आयात माल यांना देशी खात्यातून बाहेर काढलं. वाटा बुजवल्या हे चांगलंच. पण दर वेळी नवी वाट सापडते, कारण मोजपट्टी पैशाची आहे आणि पैसा कागदावर हवा तसा मांडता येतो.

मला सांगायचं आहे ते हेच. ही अट देशात काय राहिलं ते मोजते; देश काय शिकला ते मोजत नाही. दोन दिवेवाले घ्या. पहिल्याने ड्रायव्हरच्या सर्किटचा आराखडा स्वतः केला, त्यासाठी दोन अभियंते ठेवले, पण त्यावरचे आयसी बाहेरून आणतो. दुसरा तयार ड्रायव्हर बाहेरून आणतो आणि कवच जाडजूड, महागडं करतो. सूत्रानुसार दोघेही ५५ टक्के येऊ शकतात. उद्या परदेशी पुरवठादाराने हात आखडता घेतला, तर पहिला दुसरे आयसी शोधून आराखडा बदलेल. दुसऱ्याला गाळा बंद करावा लागेल. सरकारला या दोघांत फरक दिसत नाही.

५. रूळ आणि सौरपट्ट्या

सरकारी खरेदीने उद्योग उभा राहतो का, या प्रश्नाला आपल्याकडे जुना पुरावा आहे. टाटांच्या पोलाद कारखान्याची जुळवाजुळव चालू असताना, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, सरकारने दहा वर्षं दरवर्षी २०,००० टन रूळ घेण्याची हमी दिली; दर आयात रुळांचा, आणि प्रत अटींप्रमाणे असली तरच. १९०७ मध्ये मुंबईत कंपनी स्थापन झाली, भांडवल देशातल्या लोकांनी भरलं, आणि १९१२ मध्ये पोलाद निघालं. त्या काळी सरकारी सामानाची मोठी खरेदी लंडनमधूनच होत असे. भारतात खरेदीसाठी स्वतंत्र खातं १९२२ साली निघालं. हे ध्यानात घेतलं की त्या हमीचं वजन कळतं.

या हमीत टक्केवारी कुठेच नाही. तीन गोष्टी होत्या: किती घेणार, किती वर्षं घेणार, आणि कोणत्या दराने. दर आयातीचाच असल्याने सरकारचं नुकसान नव्हतं. प्रतीची अट असल्याने कारखान्याला शिकावंच लागणार होतं. आणि दहा वर्षांची खात्री असल्याने भट्ट्यांत पैसा घालणाऱ्याला रात्री झोप येणार होती. आजच्या आदेशात पहिल्या दोन गोष्टी नाहीत. दिवेवाल्याला या वर्षी ५०० दिव्यांची ऑर्डर मिळते. पुढच्या वर्षी मिळेल की नाही कुणालाच माहीत नाही. ५०० दिव्यांच्या भरवशावर कुणी ड्रायव्हरचा विभाग काढत नाही. तो भाग बाहेरून आणतो आणि कवच जाड करतो.

दुसरा पुरावा ताजा आणि उलट दिशेचा. जानेवारी २०१० मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियान सुरू झालं. सौर प्रकल्प उभारणाऱ्यांना अट घातली, की स्फटिकी सिलिकॉनच्या पट्ट्या देशीच हव्यात. पुढच्या फेरीत पट्ट्यांमधले सेलही. पातळ थराचं, म्हणजे थिन-फिल्मचं, तंत्र मात्र अटीतून सुटलं होतं. मग काय, प्रकल्पवाल्यांनी मोठ्या प्रमाणात थिन-फिल्म निवडलं, कारण ते बाहेरून आणता येत होतं आणि त्यासाठी अमेरिकेतून स्वस्त कर्जही मिळत होतं. सिलिकॉनच्या देशी कारखान्यांसाठी घातलेली अट त्यांच्याच गिऱ्हाइकाला दुसऱ्या तंत्राकडे घेऊन गेली.

पुढे अमेरिकेने फेब्रुवारी २०१३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. भारत २०१६ मध्ये हरला, आणि हरण्याचं कारण मुळातून समजून घेण्यासारखं आहे. सरकारने स्वतःच्या वापरासाठी केलेल्या खरेदीत देशी मालाला झुकतं माप द्यायला जागतिक व्यापाराचे नियम मोकळीक देतात. पण इथे सरकार विकत घेत होतं ती वीज; सेल आणि पट्ट्या घेत होते खासगी प्रकल्पवाले. जे सरकारने विकत घेतलंच नाही त्यावर सरकारी खरेदीची सवलत कशी लावणार? भारताने धडा घेतला. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या १२,००० मेगावॅटच्या योजनेत सरकारी कंपन्यांनी स्वतः, सरकारी वापरासाठी, देशी सेल आणि पट्ट्यांचे प्रकल्प उभारायचे असं ठरलं. विक्रेत्यासाठी यातला अर्थ असा, की देशी मालाची अट पक्की टिकते ती सरकार स्वतः वस्तू विकत घेतं तिथे.

६. आक्षेप तपासताना

पहिला आक्षेप करदात्याचा: आमच्या पैशाने कारखानदारांना पोसू नका. दर जुळवण्याच्या पद्धतीपुरता हा आक्षेप लागू पडत नाही, हे वर दिसलं. जिथे बाहेरच्याला दारच बंद आहे तिथे मात्र तो लागू पडतो, आणि तिथे सरकारने उत्तर द्यायलाच हवं. एखाद्या मालात देशी स्पर्धा पुरेशी आहे अशी घोषणा केली, तर दोन-तीन वर्षांनी आलेले दर बाहेरच्या बाजारभावाशी ताडून पाहण्याची सक्ती हवी. दोन-तीनच कारखाने एखादा माल करत असतील, तर 'पुरेशी स्पर्धा' हा शब्द त्यांच्या संगनमताला चांगलाच मानवतो.

दुसरा आक्षेप शास्त्रज्ञांचा, आणि तो अधिक गंभीर. संशोधनाचं उपकरण म्हणजे खुर्ची किंवा पंखा नव्हे. विशिष्ट संवेदनशीलतेचा वर्णपटमापक जगात एक-दोन ठिकाणीच बनत असेल, तर ५० टक्के देशीचा आग्रह धरल्याने प्रयोग थांबतो, दुसरं काही होत नाही. २०० कोटींच्या आतली जागतिक निविदा बंद झाल्यावर प्रयोगशाळांना प्रत्येक उपकरणासाठी वरच्या मंजुरीची वाट पाहावी लागली. जून २०२५ मध्ये सरकारने सूट दिली: वैज्ञानिक संस्थांचे संचालक आणि विद्यापीठांचे कुलगुरू आता २०० कोटी रुपयांपर्यंतच्या संशोधन उपकरणांसाठी जागतिक निविदेला स्वतः मंजुरी देऊ शकतात. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलबाहेरूनही त्यांना खरेदी करता येते. पाच वर्षं उशिरा का होईना, हे मान्य झालं की सगळ्या मालाला एकच फूटपट्टी चालत नाही.

तिसरा आक्षेप तात्त्विक: जग खुलं होत असताना आपण का मिटायचं? जगातला सर्वांत श्रीमंत खरेदीदार काय करतो ते पाहावं. अमेरिकेचा 'बाय अमेरिकन' कायदा मार्च १९३३ चा. त्यात देशी घटकाची मर्यादा दीर्घकाळ ५० टक्के होती. ती २०२२ मध्ये ६० आणि २०२४ पासून ६५ टक्के झाली, आणि २०२९ पासून ७५ टक्के होणार आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या सरकारी खरेदी करारात अमेरिका सहभागी आहे, त्यामुळे त्या करारातल्या देशांच्या मालाला तिथे बऱ्याच ठिकाणी सूट मिळते. भारत त्या करारात सदस्य नाही, फक्त निरीक्षक आहे. म्हणजे आपल्या निर्यातदाराला तिथे दार बंद आणि आपल्या मंत्रालयाला इथे हात मोकळे. ही अदलाबदल फायद्याची आहे की तोट्याची, हे आपण बाहेर विकण्याजोगं काय बनवतो यावर ठरेल. मोकळे हात थोडे आखडण्याची तयारीही दिसू लागली आहे. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात, ब्रिटिश पुरवठादाराच्या मालात ब्रिटनमधला वाटा किमान २० टक्के असेल, तर केंद्राच्या ठरावीक खरेदीत त्याला वर्ग-२चा दर्जा द्यायचं ठरलं आहे. बर्मिंगहॅमचा पंप उद्या अर्धवट का होईना, 'स्थानिक' होणार. पण सवलत वर्ग-१लाच राहणार असल्याने आपल्या कारखानदाराने यात घाबरण्यासारखं फारसं नाही.

७. कागद कोण तपासतो

बहुतेक निविदांमध्ये ही टक्केवारी पुरवठादारानेच लिहून द्यायची असते. खरेदी १० कोटी रुपयांच्या वरची असेल तर लेखापरीक्षकाचं, परिव्यय लेखापालाचं किंवा सीएचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. खोटं लिहिलं तर दोन वर्षांपर्यंत सरकारी खरेदीतून बाहेर काढता येतं. जेमवर तर २०२० पासून वस्तू मूळ कोणत्या देशातली हे लिहिणंही सक्तीचं आहे. शिक्षा पुरेशी कडक आहे. अडचण तपासणीची आहे. सीए बिलं पाहतो. सर्किट पाहत नाही. ते त्याचं कामही नव्हे. कवच बनवणाऱ्या शेजाऱ्याने अॅल्युमिनियम कुठून आणलं, ड्रायव्हर बनवणाऱ्याच्या मालात आयात किती, हे कळायला त्या-त्या पुरवठादाराचा हिशोब हवा. इलेक्ट्रॉनिक्ससारख्या क्षेत्रात वस्तूनिहाय मोजणीच्या पद्धती ठरवून दिल्या आहेत त्या यासाठीच, आणि तशा त्या आणखी बऱ्याच मालांना हव्या आहेत.

पैशाबरोबर कसबही मोजता येतं का? येतं, आणि त्याची पद्धत सरकारच्याच दुसऱ्या खात्यात तयार आहे. संरक्षण खरेदीच्या २०२० च्या कार्यपद्धतीत 'बाय इंडियन' या गटात आराखडा देशी असेल तर ५० टक्के देशी घटक पुरतो. आराखडा बाहेरचा असेल तर तोच आकडा ६० टक्के होतो. त्याच्या वरचा, पहिल्या पसंतीचा गट तर देशी आराखडा, देशी विकास आणि देशी उत्पादन तिन्ही असलेल्या मालालाच आहे. हा फरक नागरी खरेदीत आणला तर ड्रायव्हरचं सर्किट स्वतः आखणाऱ्या दिवेवाल्याला ५० टक्क्यांवर वर्ग-१ मिळेल आणि तयार ड्रायव्हर आणणाऱ्याला ६० गाठावे लागतील. जोडीला दोन किरकोळ दुरुस्त्या हव्यात: टक्केवारी काढताना नफा बाजूला ठेवायचा, आणि निविदेच्या तारखेचा विनिमय दर पुरवठा पूर्ण होईपर्यंत गोठवायचा. आराखडा कुणाचा हे ठरवायला नकाशे, चाचणीचे अहवाल आणि एखादा जाणकार अभियंता लागेल, म्हणजे खर्च वाढेल. म्हणून सुरुवात १० कोटींच्या वरच्या खरेदीपासून करावी, जिथे सीएचं प्रमाणपत्र आजही मागितलंच जातं.